ओ न दिलेली हाक

एप्रिल लागला की जुईनगरात अभ्यासाला बसणाऱ्यांचं काही खरं नसतं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मिरच्या भाजायला घेतलेल्या असतात आणि तो झोंबणारा धूर जिना चढत, दारांच्या फटींतून आत शिरत सगळ्या सोसायटीला शिंकायला लावतो. परीक्षा आणि मसाला यांचा मोसम आमच्याकडं एकच. बाकावर घाम आणि डोळ्यांत पाणी, मग ते प्रश्नपत्रिकेचं म्हणा नाहीतर मिरचीचं.

मी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवते. आज सकाळी तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली शंका घेऊन घरी आल्या होत्या. परीक्षेच्या तोंडावर मुलं हमखास अडतात ती लॅम्डा कॅलक्युलसमध्ये, तशा याही अडल्या होत्या. त्यातली एक जरा फटकळ आहे. ती म्हणाली, "मॅडम, नावच तर बदलायचंय. त्यात एवढी अट कशाला? कायपण टेन्शन देतात." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खालच्या मजल्यावरून मिरचीचा लोट आला. मी शिंकत राहिले. डोळे पुसायला कारण मिळालं हे एका अर्थी बरंच झालं.

हा विषय मला शिकवला तो दर्शनानं. पुस्तकं आणि सर होतेच, पण डोक्यात शिरला तो तिच्यामुळं. दर्शना करावे गावची. तिचे वडील खाडीत होडी घालायचे, आणि त्यांच्या घराच्या ओट्यावर वाळत घातलेल्या जाळ्याशेजारी बसून आम्ही अभ्यास करायचो. भरतीचं पाणी चढलं की चिखलाचा वास मागं हटायचा आणि ओहोटी लागली की परत यायचा. तो वास मला अजूनही बीजगणिताचा वास वाटतो. कॉलेजात ती माझ्या बाकावर बसायची. माझ्या घरी अभ्यासाला येता येता तिचं आणि माझ्या दादाचं जमलं, हे मला सगळ्यात शेवटी कळलं. शेजारी बसणाऱ्यांना असंच शेवटी कळतं.

तर लॅम्डा कॅलक्युलस. नाव ऐकून माणूस दचकतो, पण ही जगातली बहुधा सगळ्यात गरीब भाषा असावी. तिच्यात तीनच गोष्टी आहेत. पहिली, नुसतं एक नाव, म्हणजे क्ष किंवा य. दुसरी, λ हे चिन्ह, त्याच्यापुढं एक नाव, मग टिंब आणि टिंबापुढं मजकूर. तिसरी, दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवणं, म्हणजे पहिलीला दुसरी देणं. संपली भाषा. आकडे नाहीत, बेरीज नाही, "जर-तर" नाही. आणि तरी यातूनच सगळे हिशेब उभे राहतात, असं सर म्हणाले तेव्हा सगळा वर्ग हसला होता.

दर्शनानं ओट्यावर खडूनं λक्ष. क्ष असं लिहिलं आणि म्हणाली, "बग, हा लॅम्डा म्हंजे दारावर उभा रेलेला मानूस. तो सांगतो, जो कोन येल त्याला मी क्ष म्हननार. टिंबाच्या पुढं घर. घरात जिथं जिथं क्ष लिवलाय, तिथं तिथं आलेला पावना बसवायचा. मग दारावरचा मानूस गेला, क्ष पन गेला. राहिला तो पावना."

"आणि इथं घरात नुसता क्ष आहे."

"म्हनून जो येल तोच परत भेटनार. साधा घर हाय हा."

पाहुण्याला आत बसवण्याच्या या नियमाला बीटा म्हणतात. त्याच्याआधी येतो तो आल्फा. तो सांगतो की दारावरच्या माणसानं पाहुण्याला क्ष म्हटलं काय आणि य म्हटलं काय, घर तेच राहतं. λक्ष. क्ष आणि λय. य यांत फरक नाही. लॅम्डानं बांधलेलं नाव हे फक्त त्या घरापुरतं असतं, बाहेरच्या जगाला त्याच्याशी देणंघेणं नसतं. आम्हाला तो नियम इतका सोपा वाटला की पुढची अट आम्ही वाचलीच नाही. ती परीक्षेच्या सुट्टीत वाचू म्हटलं.

त्याच सुमाराला दादानं घरी लग्नाचं काढलं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तुर्भ्याच्या मसाला बाजारात माथाडी, पोत्यांखाली आयुष्य गेलेलं. आई घरात. मुलगी खाडीकाठची, जातीबाहेरची, मासे खाणारी. मला वाटलं आता भांडी आपटणार. तसं काही झालं नाही. आईनं दर्शनाला समोर बसवलं, चहा दिला, आणि बराच वेळ तिच्याकडं नुसतं बघत राहिली.

मग म्हणाली, "पोरगी चांगली हाय. माझं काय बी म्हणणं न्हाई. एकच. लग्नात नाव मी ठेवणार. शुभांगी."

दादानं मान खाली घातली. अण्णा उठून बाहेर गेले. शुभांगी म्हणजे शुभाताई, माझी मोठी बहीण. बारावीच्या वर्षी कावीळ झाली आणि परीक्षेच्या तोंडावर ती गेली. त्या वर्षापासून आमच्या घरात मसाला केला गेला नाही. त्यानंतर आई रोज दुपारी एकदा रडायची आणि बाकी वेळ तिचं नाव कुणीच घ्यायचं नाही, असा अलिखित करार होता.

दर्शनाला हे सगळं ठाऊक होतं. तरी तिनं हसून सांगितलं, "ठेवा की, आई. नाव बदलल्यानं मानूस थोडाच बदलतो?" जिना उतरताना तिनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "आल्फा."

मीही हसले.

लग्न झालं. गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरले आणि दादाला अंगठीनं नाव लिहायला सांगितलं. तांदळातलं अक्षर सारखं मोडत होतं. आई शेजारी बसून ते बोटानं पुन्हा नीट करत होती. एरवी ते तांदूळ लगेच गोळा करतात. आईनं ताट तसंच देवापुढं ठेवलं आणि दिवसभर तिकडून कुणाला जाऊ दिलं नाही. वारा लागेल म्हणून पंखाही बंद केला. सगळे पाहुणे घामानं भिजले.

शेवटचं सत्र सुरू होतं. दर्शना हिरवा चुडा भरलेल्या हातानं लॅम्डा काढायची आणि वर्गात किणकिण व्हायची. कॉलेजात ती दर्शना होती, घरी शुभा. मला मोठी पंचाईत. शुभा ही माझी ताई, आणि तिला मी कधी नावानं हाक मारलेली नव्हती. दर्शना म्हणायची सोय नव्हती. मग मी "अगं", "ऐक ना" यांवर भागवू लागले. दादाचंही तेच. नवरे तसे बायकोला "अगं"च म्हणतात, त्यामुळं त्याचं खपून गेलं.

आईचा मात्र कंठ फुटला होता. इतकी वर्षं गिळलेलं नाव तिला दिवसभर मोठ्यानं घेता येत होतं. "शुभे, पाणी आण." "शुभे, केस वाळव, सर्दी हुईल." ती हसू लागली, तिनं जांभळं लुगडं काढून नेसलं. आम्ही सगळे सुखावलो होतो हे मला सांगायलाच हवं. अण्णासुद्धा बाजारातून येताना सुनेसाठी पेरू आणू लागले. पेरू ताईला आवडायचे.

मग हळूहळू दुसऱ्या गोष्टी दिसू लागल्या. करावेहून दर्शनाच्या आईनं सुकट पाठवली, तर आईनं ती परस्पर शेजारणीला देऊन टाकली. म्हणाली, "तुला कुटं चालतोय वास? मळमळतंय न्हवं तुला?" मळमळायचं ताईला. ही तर सुकटीच्या वासात वाढलेली. पुढच्या खेपेला आम्ही दोघी करावेला गेलो तेव्हा ताटातली मांदेली तिनं तशीच ठेवली. तिची आई मला म्हणाली, "पोरगी जेवत का नाय गं? दिवस गेलं काय?" तसंही काही नव्हतं.

एकदा आई भाजी निवडत होती आणि सहज म्हणाली, "आठवतंय का, विहिरीवर पडली हुतीस? किती रगात आलं हुतं." विहिरीवर पडली होती ती ताई. दर्शनानं खाली बघत गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हो. गुडघा फुटला होता." तिच्या गुडघ्यावर खरोखर वण होता, लहानपणी खाडीत कालवं काढताना कापल्याचा. आईनं तो वण पाहिला, त्यावर फुंकर घातली. मला त्या खोलीत बसवेना. ताई गेल्याचं मला तेवढं भय कधी वाटलं नव्हतं, जेवढं ती परत आल्याचं त्या दुपारी वाटलं.

मी दर्शनाला म्हटलं, "तू लक्ष देऊ नकोस. तिचं बोलणं सोडून दे." आम्ही तेव्हा λक्ष. λय. क्ष या घरापर्यंत आलो होतो. या घरात दोन पाहुणे येतात, पहिल्याला ठेवतात आणि दुसऱ्याला वाऱ्यावर सोडतात, कारण आत य कुठं लिहिलेलाच नाही. आणि (λक्ष. क्ष क्ष)(λक्ष. क्ष क्ष) असं एक विलक्षण पद असतं. ते सोडवायला घ्यावं, पाहुण्याला आत बसवावं, तर पुन्हा तेच्या तेच समोर उभं. कितीही सोडवा, संपत नाही. हे न संपणारं पद त्या घराला दुसरा पाहुणा म्हणून दिलं, तर दोन गोष्टी होऊ शकतात. आधी आतलं सोडवत बसलात तर जन्म जाईल. आधी बाहेरचं सोडवलंत तर ते न बघताच टाकलं जातं आणि उत्तर चटकन हाती येतं. "आईच्या बोलण्याचं तसंच समज," मी म्हटलं. "न संपणारं. टाकून दे."

"नाय," दर्शना म्हणाली. "तिथं न बगता फेकतात. मी आईला न बगता कशी फेकू?"

परीक्षेची सुट्टी लागली. बाहेर ऊन रणरणत होतं, घरोघरी मिरच्या वाळत होत्या, आई आत पंख्याखाली निजली होती. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत फरशीवर बसून राहिलेली अट वाचायला घेतली. उदाहरण होतं (λक्ष. λय. क्ष य) य. दर्शनानं झटक्यात सोडवलं. क्षच्या जागी य ठेवला आणि उत्तर लिहिलं, λय. य य. पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहिलं, तर चूक.

"आपला कुठं चुकला?"

आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. मग मला दिसलं. "हा बाहेरून आलेला य मोकळा आहे. कुणी बांधलेला नाही, तो बाहेरच्या कुणाबद्दल तरी बोलतोय. आत नेला, तर आतल्या दारावर आधीच य नावाचा माणूस उभा. त्यानं याला आपलाच समजून धरलं. आता तो बाहेरचा राहिलाच नाही." पुस्तकात अट होती ती हीच: दारावरच्या माणसाचं नाव खुशाल बदला, पण नवं नाव असं घ्या की जे आत मोकळं फिरत नसेल. नाहीतर मोकळं होतं ते बांधलं जातं आणि सगळ्या घराचा अर्थ बदलतो.

दर्शनाची पेन्सिल हवेतच राहिली. त्याच वेळी आतून आईचा झोपेतला आवाज आला. "शुभे..."

"ओ," दर्शना म्हणाली. तिच्याही नकळत म्हणाली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

आमच्या घरात शुभा हे नाव आधीपासून मोकळं फिरत होतं. ते घरातल्या कुणाचंच नव्हतं. ते बाहेर बोट दाखवत होतं, जिथं आता कुणी नाही तिथं. आईनं आलेल्या मुलीला तेच नाव दिलं आणि घरातली प्रत्येक शुभा या मुलीवर येऊन थांबली. विहिरीवर पडलेली, पेरू खाणारी, मासे न चालणारी, सगळ्या. दर्शनाला जागा उरली नाही. आणि माझ्या ताईलाही उरली नाही, हे मला त्या क्षणी कळलं. ती गेलेली असायची, तेवढीच तिची जागा होती. आम्ही तिला तेही राहू दिलं नव्हतं.

पेपराच्या दिवशी दर्शना माझ्यापुढच्या बाकावर होती. हजेरीच्या कागदावर तिची सही राहिली होती. पर्यवेक्षक बाईंनी हाक मारली, "दर्शना कोण?" ती लिहीत राहिली. बाई पुन्हा ओरडल्या. मुली वळून बघू लागल्या, कुणीतरी खुदकन हसलं. मी मागून तिच्या पाठीला पट्टी टोचली तेव्हा ती दचकून उभी राहिली.

बाहेर आल्यावर नळाखाली तोंड धूत होती. म्हणाली, "मना वाटला, दुसऱ्या कोनाला तरी हाक मारतायत." मला फार भीती वाटली.

घरी आलो तर आई फरशीवर वर्तमानपत्रं पसरून मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच घरात मसाला होणार होता. अण्णांनी बाजारातून निवडक मिरची आणली होती, दादा कुठलासा डबा शोधत होता. आम्ही हातपाय धुऊन आईजवळ देठ मोडायला बसलो. वर न बघताच आई म्हणाली, "शुभे, ते धनं आण आतलं."

दर्शना उठली नाही.

"शुभे, ऐकू आलं न्हाई का?"

दर्शना बसल्या जागेवरूनच बोलली. "आई, तुमी शुभाला हाक मारा. रोज मारा, मी नाय अडवनार. पन मी ओ देनार नाय. ती तिची हाक हाय. मी ओ दिली का तिला ती पोचतच नाय."

दादा डबा हातात घेऊन दारातच थांबला. मला वाटलं आता आई तिला घराबाहेर काढेल. आईनं हातातली मिरची खाली ठेवली. दर्शनाकडं नाही, दाराकडं पाहिलं आणि पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्यानं, आम्ही गल्लीत खेळत असताना मारायची तशी. "शुभे! आगं शुभे!"

कुणी ओ दिली नाही. जिन्यावरून कुणी आलं नाही. खाली कुणीतरी मिरची कुटत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. आई कान देऊन बसली होती. लग्नानंतर तिला पहिल्यांदाच ते ऐकू आलं असावं, घरात शुभा नसणं. मग ती रडू लागली. हात मिरचीचे होते, त्यामुळं डोळे पुसता येत नव्हते. पाणी गालांवरून ओघळून मिरच्यांवर पडत राहिलं. आम्हीही पुसायला गेलो नाही, आमचेही हात तसलेच.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "दर्शना, धनं आण बाई."

तेव्हापासून आमच्या घरी एक रीत पडली आहे. कुठल्या पोथीत नाही आणि साताऱ्याकडं सांगितली तर लोक हसतील. वर्षभर आई दर्शनाला दर्शनाच म्हणते, सुकटही घरात येते. पण मसाल्याच्या दिवशी, मिरच्या निवडून झाल्या की आई आधी एकदा ताईला हाक मारते. आम्ही सगळे हातातलं काम थांबवतो. कुणी ओ देत नाही. मग आई दर्शनाला धने आणायला सांगते आणि कढई तापते.

मुलींना मी सकाळी एवढं काही सांगितलं नाही. उदाहरण सोडवून दाखवलं, आतल्या यचं नाव आधी बदलून घेतलं, λझ. य झ असं लिहिलं आणि म्हटलं, "बघा, आता बाहेरचा य बाहेरचाच राहिला." फटकळ मुलगी म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

त्या गेल्यावर मी आईकडं गेले. दोन इमारती सोडून तर राहते. आज मसाल्याचा दिवस होता. आई आता थकली आहे, हल्ली विसरतेही. गॅस चालू ठेवते, मला कधी आत्याच्या नावानं हाक मारते. मिरच्या निवडून झाल्या. आईनं तळवे एकमेकांवर झटकले आणि म्हणाली, "दर्शना, धनं आण."

एवढंच म्हणाली. मी दादाकडं पाहिलं, दादानं माझ्याकडं. आई कढईकडं बघत होती, तिच्या चेहऱ्यावर काही राहून गेल्याची खूण नव्हती. ताई किती हळूच निघून चालली होती, कुणी न बघता.

दर्शना उठली नाही. तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "आधी शुभाला हाक मारा."

आईनं तिच्याकडं पाहिलं. मग हळूहळू दाराकडं वळली आणि उरल्यासुरल्या आवाजात तिनं हाक मारली. आम्ही सगळे गप्प बसून ऐकत राहिलो. कुणी ओ दिली नाही. मग दर्शना उठली आणि धने घेऊन आली.